औषध पोचवणारी चरबी

‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी लिहून देताना डॉक्टर सांगतात, ‘दुधातून घ्या.’ म्हापशाच्या फार्मसीतला माणूस पुडी हातात ठेवताना पुन्हा तेच बजावतो. बऱ्याच जणांना वाटतं, उपाशीपोटी पित्त होऊ नये म्हणून असेल. खरं कारण असं की ‘ड’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही. आतड्यातून रक्तापर्यंत जायला त्याला स्निग्ध पदार्थाची सोबत लागते. मलेरियावरच्या ल्युमेफँट्रिन या औषधाचं तर सगळं यावरच अवलंबून असतं. पोटात थोडी चरबी असली तर ते रिकाम्या पोटापेक्षा कितीतरी पट जास्त शोषलं जातं. गोळी तीच, मात्रा तीच, पण एक रुग्ण बरा होतो आणि दुसऱ्याचा ताप हटत नाही.

गोळीतला रेणू म्हणजेच औषध असं आपण धरून चालतो. माझ्या मते ते अर्धंच औषध झालं. त्या रेणूला कोण उचलून नेतं आणि कुठे उतरवतं, यावर उरलेलं अर्धं ठरतं. आणि शरीरात हे वाहतुकीचं काम फार आधीपासून चरबीचेच कण करत आले आहेत.

दुपारी बांगड्याचं हुमण आणि भात जेवलात की खोबऱ्याच्या रसातली आणि माशातली चरबी आतड्यात उतरते. पित्त तिचे बारीक थेंब करतं, पाचकरस ते थेंब फोडतात. आतड्याच्या पेशी हे तुकडे आत घेऊन पुन्हा जोडतात आणि त्यांवर फॉस्फोलिपिड (एक टोक पाण्याशी आणि दुसरं तेलाशी जमवून घेणारे चरबीचे रेणू) व प्रथिनांचं वेष्टण चढवतात. तयार झालेल्या कणाला कायलोमायक्रॉन म्हणतात. बाहेरून तो पाण्याशी जमवून घेतो, आत मात्र निव्वळ तेल. गंमत पुढे आहे. साखर आणि प्रथिनांचे तुकडे आतड्यातून थेट यकृताकडे जातात. हे कण त्या वाटेला जात नाहीत. ते लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रक्तात मिसळतात. यकृत पहिल्याच फेरीत ज्या औषधांचा फडशा पाडतं, त्यांना या आडवाटेने पाठवता येईल का, यावर औषधशास्त्रज्ञ बरीच वर्षं काम करत आहेत.

आपल्याकडे खोबरेलाबद्दल ठासून सांगितलं जातं की ते थेट यकृतात जातं आणि अंगावर चढत नाही. त्यातल्या तुलनेने आखूड साखळीच्या कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांपुरतं ते खरं आहे. पण खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि त्याचा मोठा भाग कायलोमायक्रॉनमध्ये बसूनच जातो. खोबरेल जरूर खावं, पण ही समजूत सोडून.

हे कण डोळ्यांनाही दिसू शकतात. भरपेट जेवून लगेच रक्त दिलं तर लॅबमध्ये नळी फिरवून झाल्यावर वरचा पिवळसर, पारदर्शक द्रव दुधट झालेला असतो. तंत्रज्ञ नळी उजेडासमोर धरतो आणि विचारतो, ‘जेवून आलात ना?’

यकृत स्वतःचेही चरबीचे कण रक्तात सोडतं. त्यांचंच पुढे एलडीएल होतं, ज्याच्या आकड्याला आपण सगळे घाबरतो. एलडीएलचा एक कण जेमतेम २२ नॅनोमीटरचा, त्यात हजाराहून जास्त कोलेस्टेरॉलचे रेणू आणि बाहेर एकच लांबलचक प्रथिन. पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही ते प्रथिन ओळखतात आणि कण आत ओढून घेतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कणावरचं प्रथिन तो कुठल्या पेशीत उतरेल ते ठरवतं, हे लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी ते लागणार आहे.

चरबीचा हमाल पेशीच्या आतही असतो. जिवाणूंना आपली भिंत बांधायची तर विटा आत तयार होतात आणि भिंत असते बाहेर. बॅक्टोप्रिनॉल नावाचा लांब शेपटीचा लिपिड, म्हणजे चरबीच्याच जातीचा रेणू, त्या विटा पेशीच्या पटलापार नेतो. जखमेवर भुरभुरायच्या पावडरीतलं बॅसिट्रॅसिन नेमकं या हमालालाच धरून ठेवतं. तो परत फिरू शकत नाही आणि भिंतीचं काम थांबतं.

हे सगळं निसर्गाचं झालं. माणसाने असा वाहक स्वतः बनवला तो १९६० च्या दशकात. केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅम इथे ॲलेक बँगहॅम फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना दिसलं की हे रेणू आपणहून दुपदरी भिंतीच्या बंद पिशव्या करतात. हेच लायपोझोम. पाण्यात विरघळणारं औषध पोकळीत मावतं, तेलात विरघळणारं भिंतीत.

त्याचं मोल भारतातल्या घराघरांत कळलं ते २०२१ च्या मे-जूनमध्ये. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, होऊ लागला. बांबोळीच्या गोमेकॉतही (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) असे रुग्ण होते. त्यावरचं मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन बी. ते मूळचं १९५० च्या दशकातलं, मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला ते चिकटतं आणि पटलाला भोकं पाडतं. अडचण अशी की आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल अर्गोस्टेरॉलसारखंच दिसतं. म्हणून साध्या स्वरूपात दिलं की हुडहुडी भरते, ताप चढतो, मूत्रपिंडं बिघडतात. दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिग्रॅमच्या फार पुढे जाता येत नाही. तेच औषध लायपोझोमच्या भिंतीत बसवलं की ते तिथे घट्ट राहतं आणि बुरशी भेटल्यावर तिच्यात उतरतं. मूत्रपिंडांना खूपच कमी झळ बसते आणि किलोमागे ५ मिलिग्रॅम देता येतं.

तुटवड्याचं गणितही यातच होतं. ६० किलोच्या रुग्णाला रोज ३०० मिलिग्रॅम म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, त्याही कित्येक आठवडे. नातेवाईक चिठ्ठी घेऊन या गावातून त्या गावात फिरत होते आणि प्रत्येक कुपी हजारोंची होती.

हे औषध आपल्याकडेही घडलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. दिल्ली विद्यापीठात डॉ. बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या कामातून लायपोझोममधलं भारतीय ॲम्फोटेरिसिन उभं राहिलं. ते देण्याआधी कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रात धरावी लागते, म्हणजे मोठ्या पिशव्या फुटून बारीक होतात.

कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिनची लायपोझोममधली आवृत्ती अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाली. तिच्यामुळे हृदयावरचा घाव कमी होतो. पण त्या पिशव्या रक्तात बरेच दिवस फिरत राहतात आणि तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलवटते. वाहक बदलला की दुष्परिणामाची जागाही बदलते, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

यापुढचा टप्पा लिपिड नॅनोकणांचा. कोविडवरच्या बहुतेक एमआरएनए लशी यांतूनच दिल्या गेल्या. एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू. या कणांतलं मुख्य लिपिड रक्तात विद्युतभाररहित असतं. पेशीने कण गिळला आणि आतल्या कप्प्यात आम्लता वाढली की त्याला धनभार येतो, कप्प्याचं पटल फाटतं आणि एमआरएनए बाहेर पडतो. तरी बहुतेक माल कप्प्यातच अडकून नष्ट होतो.

असे कण शिरेतून दिले की रक्तातलं अपोई हे प्रथिन त्यांना चिकटतं. ते चरबीच्या कणांवरचंच प्रथिन. यकृताच्या पेशींना हा घरचाच कण वाटतो आणि ब्राउन-गोल्डस्टीन यांच्या त्याच ग्राहींमधून त्या तो आत घेतात. म्हणूनच २०१८ मध्ये मंजूर झालेलं या जातीचं पहिलं औषध, पॅटिसिरान, यकृतात बनणाऱ्या प्रथिनावरचं होतं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका तान्ह्या बाळाचा जनुकीय दोष खास त्याच्यासाठी बनवलेल्या, याच कणांतून दिलेल्या औषधाने दुरुस्त करायचा प्रयत्न झाला आणि त्याला चांगलं यश आलं. तो दोषही यकृतातलाच होता.

फुप्फुस, स्नायू, मेंदू यांचे असे दोष असलेली मुलं अजून वाट पाहत आहेत. कणातल्या नेहमीच्या चार लिपिडांत वेगळ्या भाराचं पाचवं लिपिड मिसळलं की उंदरांमध्ये तो फुप्फुसाकडे किंवा प्लीहेकडे वळतो, एवढं २०२० मध्ये दाखवून झालं आहे.