कागद अस्सल आहे, मजकूर खरा आहे का?

बारावीच्या एका मुलीने इतिहासाच्या प्रकल्पासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणला होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का, रजिस्टर नंबर, सगळं जागच्या जागी. जन्मतारीख १ जून १९५९. खाली तिने लिहिलं होतं : "दाखला ओरिजिनल आहे, म्हणून आजोबांचा जन्म १ जून १९५९ रोजी झाला हे सिद्ध होते."

मी वर्गाला विचारलं, "कुणाकुणाच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो?" शेवटच्या बाकापर्यंत हात वर गेले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात सापडेल. शाळा जूनमध्ये उघडायची. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचे. लागला की सहा वर्षं पूर्ण, लिहा १ जून. पुढे त्याच तारखेवर नोकरी लागली आणि त्याच तारखेवर ३१ मेला माणसं निवृत्त झाली. दाखला शंभर टक्के अस्सल, पण त्यातली जन्मतारीख गुरुजींच्या अंदाजाची.

त्या मुलीच्या वाक्यातला 'म्हणून' हा एकच शब्द चुकला होता, आणि अकरावी-बारावीला इतिहास शिकवताना माझा बराचसा वेळ या एका शब्दावर जातो. कागद अस्सल असणं आणि कागदातलं खरं असणं या दोन गोष्टी मुलं एकच समजतात. मोठी माणसंही समजतात. मोबाइलवर जुन्या मोडी पत्राचा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'हा घ्या पुरावा'.

अभ्यासाच्या भाषेत याला बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण म्हणतात. मुलं हे शब्द परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. म्हणून मी दोन साधे प्रश्न फळ्यावर लिहिते. पहिला : हा कागद ज्याचा आणि ज्या काळचा म्हणवतो, त्याचा आणि त्या काळचाच आहे का? दुसरा : तो जे सांगतो ते सांगणाऱ्याला कसं कळलं, आणि तसं सांगण्यात त्याचा काय लाभ होता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागद तपासून मिळतं. लिपीचं वळण, शाई, कागद, शिक्का कुठे उमटवलाय, शेवटी मोर्तब, म्हणजे पत्र संपल्याचा शिक्का, आहे का, भाषा त्या काळची आहे का. यात मुलांना सगळ्यात जास्त रंगत येते ती कालगणनेत. शिवकाळातल्या पत्रात 'इहिदे सबैन अलफ' असं लिहिलेलं असतं. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन १०७१; शुहूर ही त्या काळच्या मराठी कागदांतली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १६७०-७१. हे जमलं की मी विचारते : १६६५ मधलं म्हणवणारं पत्र हाती आलं आणि त्यावर राज्याभिषेक शक, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेलं वर्ष, घातलेला असला तर? क्षणभर शांतता असते, मग कुणीतरी ओरडतं, "मॅडम, राज्याभिषेक तर १६७४ चा!" तो कागद निदान त्या रूपात १६६५ चा नाही, हे पोरांनी स्वतः शोधलेलं असतं. वतनाच्या भांडणांत बनावट कागद पुढे केले जात, हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न मात्र जास्त चिवट आहे. पहिल्याचं उत्तर अख्ख्या कागदाला मिळून बहुधा एकच असतं. दुसऱ्याचं उत्तर वाक्यागणिक बदलतं. हे मुलांच्या गळी उतरवायला मी राज्याभिषेकाचेच दोन मजकूर शेजारी ठेवते.

एक सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली, राज्याभिषेकानंतर सुमारे वीस वर्षांनी. शिवाजी महाराजांच्या दरबारात वावरलेल्या माणसाची ही बखर मला फार मोलाची वाटते. तीत सिंहासन बत्तीस मणांचं आहे आणि समारंभाचा खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी. दुसरा मजकूर हेन्री ऑक्झिंडेनचा. हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, समारंभाच्या वेळी रायगडावर होता. महाराजांची सोन्याने तुला केली तेव्हा त्यांच्या भाराचे सोळा हजार होन भरले, अशी त्याची नोंद आहे.

मग वह्या काढायला लावते. होनाचं सोनं ३.४ ग्रॅम धरा. सोळा हजार होन म्हणजे साधारण ५४ किलो. घोड्यावर आयुष्य काढलेल्या सडपातळ माणसाचं वजन म्हणून हे पटण्यासारखं आहे. आता दुसरा आकडा. सगळा खर्च सोन्याच्या होनांतच मोजून दिला असं धरलं, तर सोनं होतं ४८ टनांच्या वर. कॅल्क्युलेटर पुन्हा पुन्हा दाबले जातात. उत्तर तेच येतं.

इथे मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात. "मग सभासद खोटं बोलतो?" तो सिंहासनाचं आणि खर्चाचं वर्णन वैभव डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून करतो, त्याला खतावणी लिहायची नाही. गडकोट, कारखाने, कोणाकडे कोणता हुद्दा, हे सांगतो तेव्हा तो माहितगार माणूस बोलत असतो. ऑक्झिंडेनचंही तसंच. व्यापारी माणूस, नाणी मोजण्यात त्याची नजर पक्की. पण विधी कशासाठी चाललाय हे तो बाहेरच्याच्या डोळ्यांनी बघतो, आणि त्याला इंग्रजांसाठी सवलतीही मिळवायच्या असतात. त्याच इंग्रजांच्या वखारींच्या अस्सल पत्रांत महाराज हयात असताना त्यांच्या मृत्यूच्या अफवाही उतरलेल्या आहेत. पत्र तारखेसह, सहीसह खरं, बातमी बाजारातली.

याची उलटी बाजूही दाखवावी लागते, नाहीतर मुलं 'नक्कल' आणि 'बनावट' एकाच टोपलीत टाकतात. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार यादी, आपल्याला मिळाली ती उतरून काढलेल्या रूपात, नकलकाराच्या चुकांसकट. तरी तिच्यातली महाराजांची जन्मतिथी, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्याशी जुळते आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीशीही. आज १९ फेब्रुवारीला आपण जयंती करतो ती या जुळणीच्या बळावर. बखरींतून चालत आलेली १६२७ ची तारीख मागे पडली ती याच तपासणीत.

आणि जो कागद बनावट ठरला तो फेकून द्यायचा नाही, हेही मी आवर्जून सांगते. पाटीलकीसाठी कुणी खोटा महजर, म्हणजे गावसभेचं निवाडापत्र, केला असेल, तर तो ज्या काळचा म्हणवतो त्या काळाबद्दल तो काही सांगत नाही. पण ज्या काळात केला त्या काळात पाटीलकीची किंमत काय होती आणि कशावर लोकांचा विश्वास बसत होता, हे तो चोख सांगतो.

दाखल्याचं पुढे असं झालं. मुलीने आधी आजोबांच्या थोरल्या बहिणीला गाठलं. त्या म्हणाल्या, "पानशेत फुटलं तेव्हा तो पाळण्यात होता." पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे दाखल्याची तारीख दोनेक वर्षं अलीकडे सरकणार. मी म्हटलं, आत्याआजींच्या आठवणीलाही दुसरा प्रश्न लागू आहे, कागद शोध. ती वडिलांबरोबर तहसील कचेरीत गेली आणि कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या वहीतल्या, जन्मनोंदीची नक्कल घेऊन आली. तारीख १४ मार्च १९६१. बाळाच्या वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर.

नक्कल माझ्या टेबलावर ठेवून तिने एका रकान्यावर बोट ठेवलं. बाळाचं नाव लिहिलेलंच नव्हतं, नुसतं 'मुलगा'. आणि नोंदीतल्या वडिलांच्याच नावाचे तिचे एक चुलत पणजोबाही त्याच गावात होते.

"मॅडम," ती म्हणाली, "हे आजोबाच कशावरून?"