जपानी घरातलं बाळ आणि त्याचा बाप : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

जपानमध्ये मूल झाल्यावर पालकत्व रजा घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २०२४ च्या सरकारी पाहणीत ४०.५ टक्क्यांवर पोहोचलं. १९९६ मध्ये हाच आकडा ०.१२ टक्के होता, म्हणजे हजारात एखादाच बाप. असा आकडा वाचला की आपण सहज म्हणून जातो, जपानी पुरुष शेवटी शतकांची परंपरा सोडायला लागला. माझ्या मते गल्लत इथेच होते. दिवसभर बाळाबरोबर एकटी असलेली आई आणि बाळ झोपल्यावर घरी येणारा बाप हे चित्र जपानची प्राचीन परंपरा नाही. त्याची मुळं शे-सव्वाशे वर्षांची आहेत, आणि घराघरांत ते पोहोचलं ते तर गेल्या सत्तर वर्षांत.

१८७८ साली इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी निक्कोजवळच्या एका गावात राहिली होती. तिने लिहून ठेवलंय, की रोज सकाळी सहाला बारा-चौदा पुरुष एका बुटक्या भिंतीवर बसलेले दिसतात, प्रत्येकाच्या हातात दोन वर्षांखालचं मूल असतं, ते त्याच्याशी खेळतात आणि त्याचं कौतुक एकमेकांना दाखवतात. स्वतःच्या मुलांमध्ये इतके रमणारे लोक आपण कुठे पाहिले नाहीत, असंही ती म्हणते. त्याच काळातल्या इतर परदेशी पाहुण्यांनीही जपानला मुलांचा स्वर्ग म्हटलं. पाहुण्यांच्या नोंदींवर पूर्ण भिस्त ठेवू नये हे खरं, पण जपानमध्येच लिहिली गेलेली साधनंही त्याच दिशेने बोट दाखवतात. एदो काळातली, म्हणजे १८६८ आधीच्या अडीचेकशे वर्षांतली, मूल वाढवण्याबद्दलची पुस्तकं बहुतेक पुरुषांना उद्देशून असत. काइबारा एक्केन या विद्वानाने १७१० मध्ये कोणत्या वयात मुलाला काय शिकवावं याची सविस्तर मांडणी केली, ती घरच्या कर्त्या पुरुषाने वाचावी म्हणून. सामुराई, म्हणजे योद्ध्यांच्या, घरात वारस घडवणं हे बापाचं काम होतं.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची मात्र गरज नाही. दुष्काळात नवजात बाळांना मारून टाकण्याची चाल अनेक प्रांतांत होती. शेतकरी घरात सून ही आधी शेतावरचे दोन हात होती. तिचं बाळ आजी सांभाळायची, नाहीतर आठ-दहा वर्षांची थोरली बहीण त्याला पाठुंगळी बांधून खेळत फिरायची. गरीब घरातल्या मुली दुसऱ्यांची बाळं सांभाळायला पोटावारी ठेवल्या जात. त्यांना कोमोरी म्हणत. जपानच्या काही सुंदर अंगाईगीतांत बाळाचं कौतुक नाही, या मुलींची घराची ओढ आणि मालकिणीबद्दलचा राग आहे. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, शाळा सक्तीच्या झाल्या तेव्हा या मुली गैरहजर राहू लागल्या, म्हणून काही ठिकाणी बाळ पाठीवर घेऊनच बसता येईल अशा शाळा काढाव्या लागल्या. थोडक्यात, मूल अनेकांच्या हातांत वाढत होतं. ते हात नेहमीच राजीखुशीचे नव्हते, इतकंच.

आईला केंद्रस्थानी आणलं ते मेइजी सरकारने आणि त्या काळच्या सुधारकांनी. नाकामुरा मासानाओ यांनी १८७५ मध्ये मांडलं, की राष्ट्र सुधारायचं तर चांगल्या माता घडवायला हव्यात. ‘चांगली पत्नी, शहाणी आई’ हा आदर्श पुढे मुलींच्या शिक्षणाचा पायाच झाला. १८९८ च्या नागरी कायद्याने घराची सत्ता कुटुंबप्रमुखाच्या हाती दिली, तर १८९९ च्या हुकुमाने प्रत्येक प्रांतात मुलींचं निदान एक हायस्कूल काढणं बंधनकारक केलं. १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी टोकियोत महिला विद्यापीठ सुरू केलं, त्याच्या पहिल्या तीन विभागांत गृहशास्त्र होतं.

या विद्यापीठाचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. त्याची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. १९१५ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली तेव्हा समोर तोच नमुना होता, आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ उभं राहिलं. घर आणि मूल हा स्त्रीच्या अभ्यासाचा विषय आहे, ही कल्पना त्या काळी टोकियोत आणि पुण्यात सारखीच पुरोगामी वाटत होती. तिने मुलींना शाळेची दारं उघडून दिली हे विसरता येत नाही. त्याचबरोबर मुलाची सगळी जबाबदारी एकाच व्यक्तीच्या पदरात टाकण्याची तयारीही तिनेच केली.

तरीही दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा आदर्श शहरांतल्या नोकरदार वर्गापुरताच होता. गावात पुरुष आणि बाई दोघंही शेतात असत, छोट्या दुकानदाराच्या घरी दोघंही गल्ल्यावर. खरा बदल युद्धानंतर झाला आणि फार थोड्या वर्षांत झाला. १९४९ मध्ये जपानमध्ये सुमारे २७ लाख मुलं जन्मली. एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, ४.३२ होता. १९५७ पर्यंत तो २.०४ वर आला, म्हणजे आठ वर्षांत निम्म्याहून खाली. १९५० मध्ये शंभरातली पंचाण्णव बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून होत. १९७० मध्ये शहाण्णव टक्के दवाखान्यात होऊ लागली.

राहायची जागाही बदलली. १९५५ मध्ये सरकारने गृहनिर्माण महामंडळ स्थापलं आणि शहरांच्या कडेला दान्ची, म्हणजे चार-पाच मजली इमारतींच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. सुमारे ४० चौरस मीटरांत दोन खोल्या आणि जेवणाचं टेबल मावेल असं स्वयंपाकघर. जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी असावी हा त्यामागचा विचार. ही घरं मिळावीत म्हणून सोडती निघत आणि अर्जांचा पाऊस पडे. आत स्टीलचं चकचकीत सिंक होतं, बाहेर कुलूप लागणारं लोखंडी दार. सासूपासून सुटका झालेल्या तरुण बाईला तो स्वर्गच वाटला असेल. पण त्या दाराआड दिवसभर ती आणि बाळ, दोघंच. गावाकडची आजी शेकडो मैल लांब, नवरा सकाळी गर्दीच्या लोकलने गेला की रात्रीच परतणार. त्यात १९६१ मध्ये न कमावणाऱ्या जोडीदारासाठी आयकरात सूट आली, १९८६ पासून पगारदाराच्या गृहिणीला स्वतः हप्ता न भरता पेन्शन लागू झाली. सगळ्या धोरणांनी एकच घर गृहीत धरलं. जपानी स्त्रियांचं कामातलं प्रमाण सगळ्यांत खाली गेलं ते १९७५ मध्ये. आज ज्याला आपण जपानी परंपरा म्हणतो तिचा तो कळस होता.

एक गोष्ट मात्र इमारतींनाही बदलता आली नाही. १९६० च्या दशकात विल्यम कॉडिल आणि डेव्हिड प्लॅथ या अमेरिकी संशोधकांनी टोकियो आणि क्योटोतली कुटुंबं अभ्यासली, तेव्हा घरात वेगळी खोली असूनही मुलं आईवडिलांजवळच झोपत होती. आजही अनेक घरांत फुतोन अंथरून सगळे एका ओळीत झोपतात. संध्याकाळी बाळाला टबात घेऊन बसणं हे जरा लवकर घरी आलेल्या बापाचं ठरलेलं काम असतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीतही टिकून आहे. मराठी वाचकाला यात काही नवल वाटणार नाही.

याच काळाची सगळ्यांत मोलाची देणगी म्हणजे बोशी तेचो, आई आणि बाळाची आरोग्यपुस्तिका. तिचा जन्म युद्धातला. मित्सुओ सेगी या डॉक्टरांनी जर्मनीत गरोदर बायकांची नोंदपुस्तिका पाहिली होती. त्यांच्या प्रयत्नांतून १९४२ मध्ये जपानमध्ये तशी पुस्तिका आली. ती दाखवली की तांदूळ, साखर, सुती कापड जास्तीचं मिळे, त्यामुळे बायका नोंदणी करू लागल्या. सैन्यासाठी माणसं हवी होती, हा त्यामागचा हेतू लपवण्यात अर्थ नाही. पण १९४७ च्या बालकल्याण कायद्यानंतर १९४८ मध्ये ती आई आणि बाळ दोघांची एकच पुस्तिका झाली, आणि तिचं स्वरूप पालटलं. गरोदरपणाच्या तपासण्या, जन्माचं वजन, लसी, वाढीचा आलेख, बाळ पहिल्यांदा कधी चाललं, सगळं एका ठिकाणी. १९६१ पासून तीन वर्षांच्या आणि १९७७ पासून दीड वर्षाच्या सगळ्या मुलांची तपासणी सुरू झाली. १९४७ मध्ये हजारी ७६.७ असलेला बालमृत्युदर आज दोनच्याही खाली आहे. त्याचं श्रेय एकट्या पुस्तिकेला देता येणार नाही, पण तिच्याशिवाय हे इतकं सरसकट झालं नसतं. २०१२ पासून तिच्यात बाळाच्या शीचे रंग दाखवणारं कार्डही असतं. पांढुरकी शी दिसली तर पित्तनलिकेचा आजार असू शकतो, हे आईला घरबसल्या कळावं म्हणून. टोकियोच्या निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही गरोदरपणाची नोंद केली की ही पुस्तिका मिळते.

कामावर जाणाऱ्या आयांची वाट मात्र वेगळी आणि खडतर होती. १९४७ मध्येच लहान मुलांच्या दोन संस्था दोन कायद्यांखाली गेल्या. योचिएन ही बालवाडी, शिक्षणखात्याची, दिवसाचे चारेक तास. दुपारी मुलाला न्यायला आई येणार हे गृहीत. होइकुएन हे पाळणाघर, कल्याणखात्याचं, ज्याच्या घरी दिवसा सांभाळायला कोणी नाही अशा मुलासाठी. दुसरं फार कमी होतं. ‘टपालपेट्या आहेत तितकी पाळणाघरं हवीत’ अशी मागणी करत आयांनी १९५० आणि ६० च्या दशकांत चळवळ केली. त्यांना ऐकवलं जाई, की तीन वर्षांपर्यंत आईने घरी राहिलं नाही तर मुलाचं नुकसान होतं. या समजुतीला कोणताही तर्कशुद्ध आधार सापडत नाही, हे सरकारने स्वतःच्या श्वेतपत्रिकेत लिहिलं ते १९९८ मध्ये. तोवर किती बायकांनी नोकरी सोडली असेल आणि किती जणींनी अपराधी मनाने केली असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

श्वेतपत्रिकेला एवढा वेळ का लागला आणि मग ती का आली, याचं उत्तर एका आकड्यात आहे. १९८९ चा जननदर १.५७ निघाला आणि सरकार हादरलं. बालसंगोपन रजेचा कायदा १९९२ मध्ये अमलात आला. १९९९ मध्ये आरोग्यखात्याच्या पोस्टरवर एक नर्तक तान्ह्या मुलाला घेऊन उभा होता आणि वर लिहिलं होतं, मुलं न सांभाळणाऱ्या पुरुषाला आम्ही बाप म्हणत नाही. २०१० मध्ये मूल सांभाळणाऱ्या पुरुषांसाठी सरकारी मोहीम निघाली. कायदाही उत्तम होत गेला. २०१९ मध्ये युनिसेफने श्रीमंत देशांची तुलना केली तेव्हा बापाला मिळणाऱ्या पगारी रजेत जपान पहिला होता. ती घेणारे मात्र फारच थोडे होते. साहेब काय म्हणेल, सहकाऱ्यांवर भार पडेल, बढती जाईल, ही भीती कायद्याहून मोठी होती. २०२२ मध्ये कंपन्यांवर बंधन आलं, की मूल होणार असं कर्मचाऱ्याने सांगितलं की रजेबद्दल त्याला विचारायचंच. मग आकडा झपाट्याने चढला.

पाळणाघरांची रांगही ओसरली आहे. २०१७ मध्ये जागेच्या प्रतीक्षेत २६,०८१ मुलं होती, २०२४ मध्ये २,५६७ उरली. जागा वाढल्या म्हणून, आणि मुलं घटली म्हणूनही. २०२४ चा जननदर १.१५ आहे. रोजच्या बारीकसारीक गोष्टीही हळूहळू सुटतायत. अनेक पाळणाघरांत दिवसभरातले खराब डायपर पिशवीत भरून पालकांबरोबर घरी पाठवले जात, प्रत्येकावर मुलाचं नाव लिहिलेलं. ते पाळणाघरानेच टाकावेत, अशी सूचना सरकारने २०२३ मध्ये केली. आरोग्यपुस्तिकेच्या नावात फक्त आई का, यावर २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या समितीत चर्चा झाली. नाव तेच राहिलं, मात्र शेजारी ‘पालक आणि मूल’ असं लिहायची मुभा नगरपालिकांना मिळाली.

मला स्वतःला रजेच्या टक्केवारीपेक्षा घड्याळ जास्त खरं वाटतं. २०२१ मध्ये रजा घेतलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांची रजा दोन आठवड्यांच्या आत संपली होती. त्याच वर्षीच्या दिनक्रमाच्या पाहणीनुसार सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात नवरा घरकाम आणि मुलांना मिळून दिवसाला १ तास ५४ मिनिटं देतो, बायको ७ तास २८ मिनिटं. २००६ मध्ये नवऱ्याचा तासच भरत होता. ही पाहणी दर पाच वर्षांनी होते, पुढची २०२६ ची. चाळीस टक्क्यांचा अर्थ काय, ते तिच्यावरूनच ठरेल.