जड हात कुणाचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या बॉक्सिंगच्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. मग कळव्यापासून घणसोलीपर्यंत जिथे जिथे पोरं बॅगेवर हात चालवतात, तिथे सोमवारच्या सरावात एक वाद ठरलेला: खरा जड हात, म्हणजे सगळ्यात जोराचा ठोसा, कुणाचा, माइक टायसनचा की डिओंटे वाइल्डरचा? लगेच कुणीतरी मोबाइलवर नॉकआउटची, म्हणजे समोरच्याला लढता न येण्याजोगं करून जिंकलेल्या लढतींची, टक्केवारी काढतं आणि वाद मिटल्यासारखं वाटतं. टक्केवारी हे मोजमाप तसं बऱ्यापैकी नवं आहे, आणि कच्चंही.

उघड्या मुठींच्या काळात असं काही मोजताच आलं नसतं. लंडनच्या जुन्या नियमांत माणूस पडला की राउंड संपायचा. ३० सेकंदांची उसंत मिळे. त्यानंतर रिंगच्या मध्यावर येऊन उभं राहता आलं की लढत पुन्हा सुरू. दमलेले लढवय्ये दम खायला मुद्दामही खाली बसत. १८८९ मध्ये जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत ७५ राउंड चालली ती याच नियमांखाली. शिवाय कवटीवर उघडी मूठ पूर्ण ताकदीनं आपटली तर आधी मोडायची ती मूठच.

१८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांचे राउंड, ग्लोव्हज आणि उठण्यासाठी दहा सेकंद आणले. हळूहळू ते सगळीकडे रुजले. ग्लोव्हजनी खेळ सौम्य केला असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. हात वाचला, म्हणून डोक्यावर बिनधास्त मारता येऊ लागलं. आणि दहा आकडे मोजायला लागल्यावर नॉकआउट ही नोंदवहीत मांडता येणारी गोष्ट झाली.

पण नोंदवहीत समोर कोण होता हे लिहिलेलं नसतं. वाइल्डरच्या पहिल्या ३२ लढती ३२ नॉकआउटनी संपल्या, आणि त्यात नाव घ्यावं असे प्रतिस्पर्धी फार थोडे होते. म्हणून त्याचा हात खोटा, असंही नाही. २०१८ मध्ये बाराव्या राउंडला त्यानं टायसन फ्युरीला असं आडवं केलं की फ्युरी उठला याचंच नवल. म्हणजे टक्केवारी फुगलेली आणि ठोसा मात्र अस्सल.

माझं मत विचाराल तर साक्ष घ्यावी ती मार खाऊनही जिंकलेल्याची. हेवीवेट बॉक्सर अर्नी शेव्हर्स कधी विश्वविजेता झाला नाही. १९७७ मध्ये मोहम्मद अलीनं त्याला १५ राउंडांत गुणांवर हरवलं. लॅरी होम्सनं दोनदा हरवलं. त्यातल्या १९७९ च्या लढतीत सातव्या राउंडला शेव्हर्सच्या उजव्या हातानं होम्स खाली गेला, उठला आणि अकराव्यात जिंकला. पुढे १९८८ मध्ये माइक टायसननं चार राउंडांत होम्सला संपवलं. होम्सच्या ७५ लढतींत त्याला असं थांबवणारा टायसन एकटाच. तरीही सगळ्यात जोराचा ठोसा कुणाचा असं विचारल्यावर होम्स नाव घेतो शेव्हर्सचं. ज्यानं हरवलं त्याचं नाव घेणं सोपं होतं. २००३ मध्ये ‘द रिंग’ मासिकानं शंभर जबरदस्त ठोसेबाजांची यादी काढली, तीत पहिला जो लुईस आणि शेव्हर्स दहावा. तिसरा जिमी वाइल्ड, जेमतेम पन्नास किलोंचा फ्लायवेट! वजनाच्या मानानं ठोसा किती, हेही मग धरावं लागतं.

यंत्रानं मोजूनही झालंय. १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोनं टांगलेल्या लक्ष्यावर मारलेल्या ठोशाचं मोजमाप छापून आलं: वेग सेकंदाला ८.९ मीटर, जोर ४,०९६ न्यूटन, म्हणजे सुमारे चारशे किलोंचा भार. पुढच्याच वर्षी टिम विदरस्पूननं त्याला अकराव्या राउंडमध्ये थांबवलं. टांगलेलं लक्ष्य मान वळवत नाही, उलट मारत नाही. खाली पाडतो तो बहुधा न दिसलेला, हनुवटीला लागून डोकं गर्रकन फिरवणारा ठोसा, आणि तो न्यूटनमध्ये थोरला असलाच पाहिजे असं नाही.

आपल्या पोरांच्या वाट्याला आणखी एक इतिहास आला. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला उघडउघड जिंकलेली फायनल हरलेली दाखवली. त्या बदनामीनंतर १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये संगणकी गुण आले: पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं की एक गुण. ठोसा जोराचा असो वा निसटता, गुण एकच. साहजिकच कोच शिकवू लागले: लाव आणि सटक. विजेंदर सिंगनं २००८ चं कांस्य याच पद्धतीत मिळवलं. २०१३ मध्ये ती यंत्रं गेली आणि पुरुषांची हेडगार्डही. तरी हौशी लढत फक्त तीन राउंडांची आणि बहुतेक वेळा गुणांवरच मिटणारी. त्यामुळे ठाण्यातल्या एखाद्या पोराच्या रेकॉर्डवरून त्याच्या हाताबद्दल जवळपास काहीच कळत नाही. ते कळतं त्याचे पॅड धरणाऱ्याला, नाहीतर सकाळी त्याच्याशी स्पारिंग (सरावाची लढत) करून संध्याकाळी ऐरोलीच्या लोकलमध्ये बरगडी धरून बसलेल्याला.