आमवातात हालचाल केली की सांधे झिजतात?

नेहमी फिरणारा सल्ला असा: ‘आमवात झालाय ना, मग व्यायाम बंद, नाहीतर सांधे झिजतील.’

दुखणाऱ्या सांध्याला विश्रांती द्यावीशी वाटणं साहजिकच आहे. पण आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, मूळ बिघाड झिजेचा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, अस्तर सुजतं आणि ती सूज कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) व हाड पोखरते. ती आटोक्यात ठेवायला औषधंच लागतात. व्यायाम त्यांची जागा घेत नाही. मात्र बसून राहिलं की स्नायू बारीक होतात, त्यांचा आधार सुटतो आणि सांधा आखडतो. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो आत-बाहेर खेळतो हालचालीमुळेच.

सूज शांत असताना आठवड्याला १५० मिनिटं चालणं, पोहणं किंवा सायकल हे ध्येय ठेवा. सुरुवात १० मिनिटांनी करा. सकाळचा ताठरपणा ओसरल्यावर, हवं तर शेकून. स्नायूंसाठी आठवड्यातून २ दिवस खुर्चीतून हात न टेकता उठबस.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर त्यावर वजन नको. फक्त हळुवार वाकवणं-सरळ करणं. मान दुखत असेल किंवा हातांना मुंग्या येत असतील तर मानेचे व्यायाम आणि शीर्षासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

व्यायाम झेपतोय का, याचा पडताळा घरीच घेता येतो. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं २ तासांनीही उतरलं नाही, तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करा. ३० सेकंदांत किती उठबशा होतात ते आज लिहून ठेवा, ८ आठवड्यांनी पुन्हा मोजा.