पिल्लांशिवायचं गरोदरपण

कोजागिरीच्या सुमारास देवगडला गावी गेलो, तर शेजारच्या काकीची कुत्री चंपी डोणीत तोंड घालून पाणी पीतच होती. पडवीत येऊन आडवी झाली, दहा मिनिटांत परत डोणीकडे. "उनाचो तडाखो," काकी म्हणाली. माजावर कधी आली होती? "गणपतीत." माझ्या पोटात गोळा आला.

बाईला दिवस राहिले नाहीत, तर बीजांडकोशातला पीतपिंड (बीज सुटल्यावर मागे उरणारी ग्रंथी) साधारण 14 दिवसांत मावळतो, प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक उतरतं, पाळी येते. कुत्रीचं शरीर असली चौकशीच करत नाही. पिल्लं पोटात असोत नसोत, पीतपिंड दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन सोडत राहतात. दर माजामागे गर्भाशय गरोदरपणाची सगळी तयारी करतं: अस्तर जाडावतं, ग्रंथी पाझरतात, स्नायू निवांत होतात, पिशवीचं तोंड मिटतं, पांढऱ्या पेशींची गस्त ढिली पडते. हा पाहुणचार गर्भासाठी. पण माजात तोंड उघडं असताना आत शिरलेला ई. कोलाय हा जंतू त्यावर ताव मारतो. काही वर्षांत अस्तरावर पाणफोड धरतात आणि एखाद्या माजानंतर पिशवी पुवाने भरते. हा पायोमेट्रा. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला 'पाणी राखून ठेव' हा व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा निरोप ऐकू येत नाही. लघवी पातळ, तहान अखंड. म्हणून ती डोणी.

सरसकट नसबंदीची रीत नसलेल्या स्वीडनमध्ये, कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींनुसार, दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चौघींतल्या एकीला हा आजार गाठतो. नसबंदीत बीजांडकोश निघतात, की प्रोजेस्टेरॉनचा हा खेळच संपतो.

"आधी एक वेत होऊंदे, नायतर पाप लागता," हे काकीने ऐकलेलं. एका वेताने कुत्रीची तब्येत सुधारते याला काडीचा आधार नाही. दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही मला खपत नाही. लवकर नसबंदी केली की स्तनांच्या गाठी जवळपास टळतात, हा दावा मुख्यतः 1969च्या एका अभ्यासावर उभा. 2012च्या आढाव्यात एकूण पुरावा कच्चाच ठरला. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे विकार वाढलेले दिसतात, कारण हाडांच्या टोकांची वाढ थांबवायला लैंगिक संप्रेरकं, मुख्यतः इस्ट्रोजेन, लागतात. काही कुत्र्यांची लघवी पुढे झोपेत गळते. आणि बोक्याची नसबंदी? खर्च कमी, पण नंतर भूक जास्त. बांगड्याची डोकी मोजूनच घालावीत.

चंपीचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. गर्भाशयाची दोन शिंगं, एकेक पडवळाएवढं जाड. चौथ्या दिवशी ती डोणीवरून सरळ पुढे गेली.

"मगे आता माजार येवची नाय?" काकीने विचारलं.

"नाय."

"बरा झाला."