सामूहिक उमेदवारी (बेळगाव सीमाभाग)

सामूहिक उमेदवारी : निवडून येण्याची अपेक्षा न धरता, एखाद्या मागणीकडे लक्ष वेधण्यासाठी एकाच मतदारसंघातून शेकडो अपक्षांनी अर्ज भरण्याची पद्धत. तिची ठळक उदाहरणे बेळगाव मतदारसंघात (१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी) आढळतात. नाममात्र, हौशी वा विक्षिप्त उमेदवारीशी तिची गल्लत केली जाते. ती योग्य नव्हे. हौशी उमेदवार स्वतःसाठी उभा राहतो. येथे उमेदवाराचे नाव गौण आणि उमेदवारांची संख्या महत्त्वाची असते.

उगम : या पद्धतीचा उगम सामान्यतः १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सांगितला जातो. तथापि ५ मार्च १९८५ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव शहर मतदारसंघात ३०१ उमेदवार होते आणि त्या काळी तो जागतिक उच्चांक मानला गेला. हे पाहता मूळ निदान एक दशक मागे नेणे सयुक्तिक वाटते. पार्श्वभूमी मात्र त्याहून जुनी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. १९६७ च्या महाजन आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, पण बेळगाव शहर आहे तेथेच राहावे, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने स्वीकारली नाही. बेळगावसह मराठी भाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार विधानसभेत निवडून येत असत. लोकसभेचे गणित वेगळे होते. मराठी वस्ती बेळगाव शहर व भोवतालच्या पश्चिम पट्ट्यात एकवटलेली, तर पूर्वेकडील गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल हा भाग कन्नडबहुल. त्यामुळे समितीच्या बळावर खासदार निवडून आणणे जवळजवळ अशक्य होते. जी जागा जिंकता येत नाही, तेथे अर्ज भरणे हाच प्रचार ठरला, असा याचा अर्थ लावता येतो.

१९९६ ची निवडणूक : या निवडणुकीत बेळगावातून ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. त्याच वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेशातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० आणि तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. नलगोंड्यात पाण्याचा, मोडकुरिचीत शेतकऱ्यांचा, तर बेळगावात सीमेचा प्रश्न होता. म्हणजे पद्धत एक, कारणे भिन्न. बेळगावने इतरांना वाट दाखविली की तिन्ही ठिकाणी ती स्वतंत्रपणे सुचली, याबाबत मतभेद संभवतो. १९८५ चा आकडा पाहता पहिल्या मताकडे कल झुकतो.

तेव्हा मतदान कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून होत असे आणि सर्व उमेदवारांची नावे, पक्षाचे असोत वा अपक्ष, एकाच वर्णानुक्रमे छापली जात. पाटील, देसाई, जाधव ही आडनावे ज्या भागात गल्लोगल्ली आहेत, तेथे मतदाराला आपला माणूस शोधणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करता येते. प्रत्येक अपक्षाला वेगळे चिन्ह हवे, मतपत्रिका घडी करून पेटीत जायला हवी आणि प्रत्येक उमेदवाराला मतदान व मतमोजणी प्रतिनिधी नेमण्याचा हक्क. या साऱ्याची जुळवाजुळव करण्यासाठी मतदान पुढे ढकलावे लागले. अखेर जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले.

अनामत रकमेचा हिशेब उद्‌बोधक आहे. लोकसभेसाठी ती तेव्हा ५०० रुपये होती (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी). वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली, तरच ती पराभूत उमेदवाराला परत मिळते. इतकी मते एका मतदारसंघात जास्तीत जास्त पाचच जणांना मिळू शकतात. अर्थात ४५६ पैकी किमान ४५१ जणांचे डिपॉझिट गुल होणार, हे अर्ज भरतानाच ठरलेले होते. सर्वसाधारण दराने ही रक्कम सव्वादोन लाखांच्या घरात जाते. म्हणजे माणशी ५०० रुपयांत सीमाप्रश्न देशभर छापून आला.

कायद्यावरील परिणाम : १९९६ मध्येच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. लोकसभेची अनामत १०,००० व विधानसभेची २५० वरून ५,००० रुपये करण्यात आली. मान्यताप्राप्त पक्षाखेरीज इतर उमेदवारांना एका सूचकाऐवजी दहा सूचक आवश्यक झाले. मतपत्रिकेवरील क्रमही बदलला : आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष. कोणालाही दोनहून अधिक जागा लढविण्यास बंदी आली. देशभरातील लोकसभा उमेदवारांची संख्या १९९६ मधील १३,९५२ वरून १९९८ मध्ये ४,७५० वर उतरली. पुढे २०१० पासून अनामत अनुक्रमे २५,००० व १०,००० रुपये झाली. जुन्या संख्येने अर्ज भरायचे, तर आता केवळ अनामतीसाठी कोटीभर रुपये लागतील.

उत्तरकाळ : मतदानयंत्रामुळे पद्धतीचे स्वरूप बदलले. एका मतदान युनिटवर १६ जागा असतात. २०१९ मध्ये बेळगावात ५७ उमेदवार होते. ‘नोटा’ धरून ५८, म्हणजे प्रत्येक केंद्रावर चार युनिटे. समितीने अनेकांना उभे करून जुन्या डावाची आठवण दिली, परंतु भाजपचे सुरेश अंगडी मोठ्या फरकाने विजयी झाले. त्यांच्या निधनानंतर २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीने एकच तरुण उमेदवार दिला. त्याला १ लाख १७ हजारांवर मते पडली. भाजपच्या मंगला अंगडी आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यातील अंतर मात्र अवघे ५,२४० होते. खानापूर उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात, निपाणी चिकोडीत आणि शहर बेळगावात अशी मराठी मतांची तीन ठिकाणी विभागणी झाली आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

अन्य अपारंपरिक व वादग्रस्त उमेदवार : सिनेकलावंत या भागात प्रामुख्याने प्रचारसभेपुरते येतात, उमेदवार म्हणून ते क्वचितच दिसतात. शेतकरी चळवळीतून आलेले बाबागौडा पाटील १९८९ मध्ये कित्तूर व धारवाड ग्रामीण या दोन्ही जागांवर निवडून आले आणि १९९८ मध्ये भाजपतर्फे बेळगावचे खासदार झाले. अंधश्रद्धाविरोधी भूमिकेमुळे सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत कार्यक्रम घेतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये निपाणीतील भाषणात त्यांनी ‘हिंदू’ शब्दाविषयी केलेल्या विधानावरून वादळ उठले व ते विधान त्यांनी मागे घेतले. २०२३ मध्ये यमकनमर्डीतून ते पुन्हा निवडून आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये विधानसभेत मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या प्रकरणी राजीनामा दिलेल्या तीन मंत्र्यांत अथणीचे लक्ष्मण सवदी होते. २०१३ मध्ये ते अथणीतून जिंकले, २०१८ मध्ये हरले, २०१९ मध्ये उपमुख्यमंत्री झाले आणि २०२३ मध्ये काँग्रेसतर्फे पुन्हा विजयी झाले. मार्च २०२१ मध्ये एका चित्रफितीवरून मंत्रिपद सोडलेले रमेश जारकीहोळी यांनी आरोप फेटाळले. २०२३ मध्ये गोकाकने त्यांना परत निवडून दिले.