किरण येतात कुठून? गॅमा कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

आमच्या इंदूरच्या लोहा मंडीत भंगाराचा ट्रक रिकामा होताना दिसला की मला दिल्लीचं मायापुरी आठवतं. एप्रिल 2010 मध्ये तिथल्या भंगारबाजारात कोबाल्ट-60 हा घातक गॅमा किरण सोडणारा किरणोत्सर्गी धातू सापडला. एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला तो होता. ते यंत्र फोडताना लागलेल्या किरणांमुळे एक कामगार जिवाला मुकला, आणखी काही आजारी पडले.

अशा ढिगाजवळ गायगर काउंटर, म्हणजे किरण मोजणारं यंत्र, टिकटिक करतो, पण किरण कोणत्या बाजूने येतात ते सांगत नाही. टिकटिक वाढेल तिकडे माणसालाच जावं लागतं, म्हणजे थेट धोक्याच्या तोंडी. अंतर दुप्पट ठेवलं तर मारा चौथाईवर येतो. म्हणून जागा लांबूनच कळायला हवी.

गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत, ही खरी अडचण. पहिली वाट दवाखान्यासाठी शोधली गेली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बर्कलीला शास्त्रज्ञ हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला: शिशाला बारीक भोक, मागे सोडियम आयोडाइडचा चार इंची स्फटिक, त्यामागे उजेड टिपणाऱ्या सात नळ्या. स्फटिकात किरण शिरला की चमक उठते, आणि कोणत्या नळीला किती उजेड मिळाला यावरून तिची जागा निघते. थायरॉइडच्या स्कॅनला आई-मावशीला ज्या यंत्राखाली झोपवतात, ते याच घराण्यातलं.

पण एका भोकातून किरण येणार किती? 1968 मध्ये डिकी आणि एबल्स या शास्त्रज्ञांनी, आकाशातले क्ष-किरण टिपण्यासाठी, स्वतंत्रपणे सुचवलं की भोकं पुष्कळ पाडा. दिवाळीत आकाशकंदिलाची भिंतीवरची नक्षी पाहा. आतला दिवा जरा सरकला की सगळी नक्षी सरकते. नक्षी पाठ असेल तर सावलीवरून दिव्याची जागा काढता येते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाचे किरण मात्र पातळ शिशाला दाद देत नाहीत, आणि जाड शिसं उचलायचं कोणी? तिथे भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्टन यांचा 1923 चा शोध कामी आला. किरण कॅमेऱ्याच्या पहिल्या थरात इलेक्ट्रॉनला धडकतो, दुसऱ्यात जिरतो. दोन्हीकडची जागा आणि ऊर्जा मोजली की तो कोणत्या शंकूवरून आला ते कळतं. असे अनेक शंकू जिथे एकमेकांना छेदतात, तिथे स्रोत.

1991 मध्ये अशी दुर्बीण अवकाशात गेली. 2011 च्या अपघातानंतर जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या इमारतींत यंत्रमानवांवर असे कॅमेरे बसवले गेले. भिंतीच्या साध्या फोटोवर, किरण येतात नेमक्या त्या जागी, रंगीत डाग उमटू लागले.